पापण्या उघडल्या, गाऱ्हाणं तसंच राहिलं

पापण्यांच्या ऑपरेशनबद्दल विचारायला लोक माझ्याकडे येतात. कुणाच्या आईच्या पापण्या उतरलेल्या असतात, कुणाला आरशात आपलाच झोपाळू चेहरा बघून कंटाळा आलेला असतो. मी त्यांना पडवीत बसवतो, कोकम सरबत देतो, बर्फ कसा लावायचा, मलम कसं घालायचं ते सांगतो. ते समाधानाने जातात. मी मात्र अर्धीच गोष्ट सांगितलेली असते. उरलेली अर्धी सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. बायकोपाशीही तोंड उघडलं नाही. आता वय असं झालंय की टाळायला पुढे फारशी जागा उरलेली नाही, म्हणून दोन्ही अर्ध्या एकत्र लिहितो. ज्याला ऑपरेशनची माहिती हवी असेल त्याला ती यात मिळेल. पण मी ते कोणत्या रागाने करून घेतलं, तेही वाचावं लागेल.

जाळं फाटलं तो दिवस

मिठबावच्या पुढे किनाऱ्यालाच आमची वाडी आहे. मी रापणीच्या होडीचा तांडेल, म्हणजे होडी हाकणारा म्होरक्या, होतो. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. होडी ते समुद्रात अर्धगोल सोडत जाते आणि मग वाडीतली माणसं दोन्ही टोकांचे दोर वाळूवरून ओढतात. जाळं एकट्याचं नसतं, घराघराचा त्यात वाटा असतो. होडीतल्या माणसाला मासळीचा थवा दिसत नाही, पाण्याखालचे खडकही दिसत नाहीत. ते दिसतात उंचावरून. म्हणून एक माणूस कड्यावर उभा राहतो आणि पंचा हलवून इशारत करतो. पंचा डावीकडे हलला तर डावीकडे जायचं, डोक्यावरून गोल फिरला तर तिथल्या तिथे वळायचं.

कड्यावर माझा मावसभाऊ गोपाळ असायचा. आम्ही एकाच वर्षी शाळेत गेलो आणि एकाच वर्षी शाळा सोडून होडीवर आलो. त्याच्या नजरेवर वाडीची चूल पेटायची.

त्या सकाळी बांगडा लागला होता. मी जाळं सोडत होतो आणि माझी नजर कड्यावर होती. हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. इशारत आली नाही म्हणून मी सरळ गेलो. जाळं खडपावर बसलं आणि वाळूवरच्या माणसांनी जोर लावल्यावर मधोमध फाटलं. ओढून आणली ती नुसती चिंध्यांची माळ.

गोपाळ कड्यावरून धावत खाली आला.

"आंधळो झालंस काय रे? मी पंचो हलवतंय, हलवतंय, आणि तू सरळ!"

"तू हलवलंस? खंय हलवलंस? माझी नजर तुझ्यारच होती!"

"दोनदा हलवलंय!"

"खोटा बोलतंस!"

सगळी वाडी ऐकत होती. खाली वाळूवर दोर ओढणाऱ्यांची पाठ कड्याकडे असते, त्यामुळे कोणाच्याच डोळ्यांनी काही पाहिलेलं नव्हतं. माझा शब्द होता आणि त्याचा शब्द होता. मी तांडेल होतो. माझा चालला.

गाऱ्हाणं

बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. आमच्याकडे माणसाचा निवाडा माणसांनी होईना की तो देवावर टाकतात. देवळात नारळ ठेवायचा, गावकार म्हणजे देवळाचा मानकरी आपल्या वतीने देवाला मोठ्याने सांगतो आणि जमलेले सगळे 'होय म्हाराजा' म्हणतात. त्याला गाऱ्हाणं घालणं म्हणतात. एकदा घातलेलं गाऱ्हाणं ज्याने घातलं त्यानेच काढायचं असतं. दुसऱ्या कोणाला ते काढता येत नाही.

मी नारळ ठेवला. गावकाराने हात जोडले. "हे म्हाराजा! ह्यो सदानंद आज तुझ्या पायार नारळ ठेवन सांगता. जेणा कोणी जाणून इशारत करूक नाय आणि आता खोटा बोलता, तेच्या डोळ्यांर झापड येवंदे, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

त्या आवाजात सगळ्यात मोठा आवाज गोपाळचा होता. हात जोडून, डोळे मिटून तो म्हणाला. तेव्हा मला त्याचा संताप आला. केवढा निर्ढावलेला माणूस, असं वाटलं.

आज हे वाचणाऱ्यांत त्या दिवशी देवळात असलेले बरेच जण असतील. तुम्हीही होय म्हटलंत. कड्याकडे तुमची पाठ होती तरी म्हटलंत. दुसऱ्या दिवशी कड्यावर दुसरा माणूस उभा केलात, आणि गोपाळ परक्याच्या आंब्याच्या बागेत माकडं हाकायला गेला तेव्हा तुमच्यातल्या एकालाही वाईट वाटलं नाही. मी एकटा अपराधी म्हणून लिहीत नाहीये. बुडायचंच आहे तर तुम्हाला धरून बुडतो.

झापडो

पुढच्या काही वर्षांत झापड आली ती माझ्याच डोळ्यांवर. वरच्या पापणीची कातडी सैल होऊन डोळ्यावर लोंबायला लागली. दोन्हीकडे. वाचायचं तर बोटाने पापणी वर धरायची. समोर बोलणारे मधेच विचारायचे, "झोप इली काय?" संध्याकाळी कपाळ ठणकायचं, कारण दिवसभर मी भुवया वर ओढून बघत असे. मला ते कळतही नव्हतं.

गोपाळ गप्प बसला असता तर तो मोठा ठरला असता. तो गप्प बसला नाही. एस.टी. स्टॅंडवरच्या चहाच्या टपरीवर, दहा माणसांत, तो म्हणाला, "देव आंधळो नाय हां. झापड खंय घालूची ती बरोब्बर घातल्यान."

सगळे खदाखदा हसले. मी चहा तसाच ठेवून उठलो. त्या दिवसापासून माझं नाव 'झापडो' पडलं. माझ्या तोंडावर नाही, पण मी वळलो की पाठीमागून यायचं. सत्तरी गाठलेल्या माणसाला पोरासोरांनी झापडो म्हणावं!

त्या रागावर मी जगलो. अन्न गोड लागेना तरी राग गोड लागे. एकच इच्छा होती. एकदा उघड्या, टक्क डोळ्यांनी गोपाळसमोर उभं राहायचं आणि त्याला मान खाली घालायला लावायचं.

तपासणी

माझी मुलगी वैजू गोव्यात असते. ती दिवाळीला आली आणि मला पापणी धरून पेपर वाचताना बघून म्हणाली, "बाबा, ह्याचा ऑपरेशन होता. लोक दिसण्यासाठी करतत, तुमी बघण्यासाठी करा."

मी म्हटलं, "मी पण दिसण्यासाठीच करतंय." तिला वाटलं मी थट्टा केली.

तिने मला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी पापण्या चिमटीत धरून पाहिल्या आणि मग एका यंत्रासमोर बसवलं. हनुवटी टेकवायची, आत पांढऱ्या गोल वाटीसारखं दिसतं, मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं आणि कडेला कुठेही बारीक दिवा लागला की बटण दाबायचं. मी दाबत गेलो. सोपं वाटलं. मग त्यांनी माझ्या दोन्ही पापण्या चिकटपट्टीने वर ओढून कपाळाला चिकटवल्या आणि तीच तपासणी पुन्हा केली. या वेळी वरच्या बाजूला भराभर दिवे लागत होते. माझा अंगठा थकला.

उठल्यावर मी म्हटलं, "बाई, पहिल्या वेळी तुमचं यंत्र वरच्या बाजूला बंद होतं वाटतं. तिकडे एकही दिवा लागला नाही."

त्या हसल्या. "लागले होते, काका. दोन्ही वेळी सारखेच. तुम्हाला दिसले नाहीत. वरचं तुम्हाला दिसतच नव्हतं, आणि दिसत नाही हेही कळत नव्हतं."

मी परत त्या यंत्रासमोरच बसलो. त्यांना वाटलं मी ऑपरेशनला घाबरलो.

"हे अलीकडचं असेल," मी म्हटलं.

"जुना फोटो आहे का?"

वैजूच्या मोबाईलमध्ये तिच्या लग्नाचा फोटो होता. लग्न जाळं फाटण्याच्या आधीचं. फोटोत मी हनुवटी वर करून, भुवया ताणून उभा. मला आठवत होतं, वाडीत सगळे म्हणाले होते, मुलीच्या बापाचा तोरा बघा. डॉक्टरीणबाईंनी फोटो मोठा केला. "हे बघा, तेव्हाही पापणी उतरलेलीच आहे. तोरा कसला, काका, तुम्ही पापणीखालून बघायची धडपड करताय."

त्या खोलीत, त्या क्षणी मला सगळं कळलं. माझी नजर कड्यावर होती, पण कड्याच्या माथ्यावर नव्हती. माथा माझ्या पापणीआड होता. पंचा हलला होता.

खरा माणूस तिथून घरी न जाता थेट गोपाळच्या दारात गेला असता. मी वैजूला म्हटलं, "ऑपरेशनची तारीख घे."

टेबलावर

ऑपरेशनला काय होतं ते सांगतो, कारण भीती त्याचीच असते. मी हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी घेतो. ती बंद करायची की नाही हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारून ठरलं. तुम्ही स्वतःच्या मनाने बंद करू नका आणि लपवूही नका.

माणूस जागा असतो. पापणीत सुया टोचतात तेवढ्या झोंबतात, डोळ्यांतून पाणी येतं. नंतर दुखत नाही, पण ओढल्यासारखं जाणवतं, कात्रीचा आवाज येतो, आणि जळक्या केसांसारखा वास येतो. तो वास आपलाच असतो. मी हललो तेव्हा एका परिचारिकेने माझ्या हातात हात दिला. तिचं तोंड मी कधी पाहिलं नाही. त्या हाताचे उपकार आहेत.

मधेच बाई म्हणायच्या, "उघडा. मिटा. उघडा." मी उघडत होतो, मिटत होतो आणि मनात टपरीवर हसलेल्या एकेकाचं तोंड आठवत होतो. प्रार्थना करायची वेळ होती ती. मी सूड आठवत पडलो होतो.

घरी

पहिले दिवस वाईट दिसतात. डोळे सुजून काजूच्या बोंडाएवढे, खाली गालापर्यंत काळंनिळं. मी आरसा मागितला तर माझी बायको शैला म्हणाली, "नको बघूक. आरसो बिचारो जुनो आसा, फुटात."

तिने केलेलं कोणीच केलं नसतं. स्वच्छ फडक्यात बर्फ गुंडाळून हलक्या हाताने ठेवायचा, तो काढायचा, परत ठेवायचा. उशा रचून डोकं उंच ठेवून झोपायचं. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, समुद्राचं पाणी तर लांबच. मलमामुळे सगळं धुक्यात दिसतं, त्याने घाबरू नका. पण डोळा एकाएकी फुगून दुखायला लागला, दिसायचं बंद झालं किंवा रक्त थांबेना, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. हे मला बजावून सांगितलं होतं, मी तुम्हाला बजावतो.

एक गोष्ट आधी कोणी सांगत नाही. सुरुवातीला पापणी पूर्ण मिटत नाही. डोळे कोरडे पडतात, थेंब घालत राहावे लागतात. शैला म्हणाली, "झोपेत पण तुमचे डोळे अर्धे उघडे. मेल्यासारखे बघत रवतास. माका भिया वाटता."

त्यातच एका दुपारी गोपाळ आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी पडवीत आरामखुर्चीवर, डोळ्यांवर बर्फाचं फडकं. पावलांवरून ओळखला.

"सदा, कसो आसस?"

मी फडकं काढलं नाही.

"दुखता काय रे?"

"तुका काय होया ता सांग."

शैला आतून म्हणाली, "अगो बाय, भावजी! बसा हां, च्या टाकतंय." तिच्या आवाजात एवढा आनंद होता की मला तिचाही राग आला.

गोपाळ बसला. त्याला धाप लागत होती. "गाऱ्हाणा काढ रे सदा. माझा काय ता होवंदे, माझी लाकडा मसणात गेली. पण सुनेच्या मनात ता बसला हा. नातवाक ताप इलो तरी ती देवळाकडे बघता. म्हणता, सासऱ्यांच्या माथ्यार गाऱ्हाणा आसा, ता आता पोरार इला. घातलंस तू. काढूचा पण तुयाच."

मला तेव्हा खरं माहीत होतं. यंत्रासमोर बसून आलो होतो. एका वाक्याचं काम होतं.

मी म्हटलं, "पयलो तू देवळात उभो रव. सगळ्यांसमोर सांग, पंचो हलवूक नाय म्हणान. मगे काढतंय."

तो पुढे वाकला, त्याची धाप मला जवळून ऐकू आली.

"हलवलंय रे मी. दोनदा पंचो हलवलंय. मगे अंगातलो सदरो काढून हलवलंय. हात भरान इले माझे."

सदऱ्याचं मला माहीत नव्हतं. त्याने ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

"मगे जा," मी म्हटलं.

तो उठला. जाताना शैलाला म्हणाला, "वयनी, शहाळी ठेवलंय पायरेर. तेका पाणी देवा. औषधांची उष्णता आसता."

शहाळ्याचं पाणी मी प्यालो. हेही लिहून ठेवतो.

त्या रात्री शैला माझ्याशी बोलली नाही. पुढे किती दिवस बोलली नाही ते मोजलं नाही. मलम मात्र वेळच्या वेळी घालत होती.

जत्रा

टाके काढले तेव्हा मुंगी चावल्यासारखं वाटलं. सूज उतरली, काळं पिवळं झालं आणि मग गेलं. पापणीच्या घडीत एक बारीक रेघ राहते, ती कोणाला दिसत नाही. डावा डोळा उजव्यापेक्षा किंचित मोठा वाटतो, बाई म्हणाल्या सगळ्यांचं तसंच असतं. पहिल्यांदा मान वर न करता नारळाचे शेंडे दिसले तेव्हा मी बाहेर अंगणात उभा राहून बघत राहिलो. एवढं आभाळ कुठे गेलं होतं!

मग देवळाची जत्रा आली. मी नवा सदरा घालून, काळा चष्मा खिशात टाकून गेलो. गोपाळ खांबाला टेकून बसला होता, पार वाळलेला. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि बघत राहिलो. पापणी न लववता. टपरीवर हसलेले सगळे आजूबाजूला होते.

तो माझ्या डोळ्यांकडे बघत होता. मग म्हणाला, "बरे झाले रे डोळे. बरा झाला." आणि मान खाली घातली.

मला जे हवं होतं ते मिळालं. घरी येऊन मी पोटभर जेवलो. हे खोटं लिहिता आलं असतं, घास घशाखाली उतरला नाही वगैरे. उतरला. सूड घेतल्यावर भूक लागते. पोट बिघडतं ते नंतर, आणि ते बरं होत नाही.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. गोपाळ बागेतच, कलमाखाली बसल्या जागी गेला.

नारळ

त्याचं तेरावं झाल्यावर मी नारळ घेऊन देवळात गेलो. गाऱ्हाणं काढायला. ठरवून गेलो होतो की मोठ्याने सांगायचं, पापणीचं, यंत्राचं, सदऱ्याचं. जुना गावकार जाऊन आता त्याचा मुलगा उभा राहतो. त्याने नारळ हातात घेऊन विचारलं, "काय म्हणान सांगू देवाक?"

मी मागे वळलो. बरीच माणसं होती. त्यांत गोपाळची सून, नातू कमरेवर घेऊन. तिने मला नारळ घेऊन आत येताना पाहिलं होतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी म्हटलं, "माझ्या डोळ्यांका आराम पडलो. तेचो नारळ."

"होय म्हाराजा!" सगळे म्हणाले. एका क्षणाने तीही म्हणाली. मग तिने पोराला दुसऱ्या कमरेवर घेतलं आणि पायऱ्या उतरून गेली.

आज मला लांबचं, जवळचं, वरचं, खालचं सगळं दिसतं. रापण कधीतरी लागते तेव्हा मी वाळूवर जाऊन उभा राहतो. कड्याचा माथा स्वच्छ दिसतो, तिथे उगवलेली करवंदीची जाळीसुद्धा. गोपाळला सांगायचं माझ्याकडे तेव्हा एवढंच होतं, पडवीत, फडक्याआडून, चहा येईपर्यंतच्या वेळात सांगता आलं असतं एवढंच:

"गोपाळा, तू पंचो हलवलंस. सदरो पण हलवलंस. माकाच दिसाक नाय. माका माफ कर रे. चल, आत्ताच देवळात जावया, गाऱ्हाणा मी काढतंय."